वाडीची पाटी कुणाच्या नावावर?

जमिनीच्या बाबतीत आपण कोकणातली माणसे फार जागी. बांध हातभर सरकला की मोजणी मागवू. सातबाऱ्यावर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकले तर तालुक्याला दहा खेटे घालू. भावाभावांची वाटणी झाली की फेरफाराची नोंद मंजूर होईपर्यंत जिवाला चैन पडत नाही. हे बरोबरच आहे. पण वाचकहो, त्याच वाडीची जी पाटी इंटरनेटवर लागली आहे, जी पाहून मुंबई-पुण्याचे पाहुणे आपल्या अंगणात येऊन उतरतात, ती पाटी कुणाच्या नावावर आहे, हे आपल्यापैकी कितीजण छातीवर हात ठेवून सांगू शकतील?

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की आक्षी मागे पडते आणि नागाव येते. अष्टागरातले हे जुने गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत विहीर आणि वाडीच्या तोंडाशी एकाला लागून एक पाट्या. कुठे कॉटेज, कुठे घरगुती राहण्या-जेवणाची सोय. पूर्वी वाडीचे उत्पन्न म्हणजे नारळ, सुपारी आणि थोडीफार भाजी. आज अनेक घरांत पाहुण्यांच्या दोन-चार खोल्यांचे उत्पन्न वाडीच्या उत्पन्नाला हात देते. घरची वहिनी घावणे करते, दादा पाहुण्यांना वाडी दाखवतो आणि शहरात शिकून आलेला मुलगा किंवा सूनबाई फोनवर बुकिंग घेते.

हे बुकिंग येते कसे? पुष्कळदा वेबसाइटवरून. आणि त्या वेबसाइटला जे नाव असते, शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ असलेले, त्याला डोमेन नाव म्हणतात. आजचा विषय हे नाव आणि त्याची मालकी. नाव एका दुकानातून दुसऱ्या दुकानात कसे न्यावे, एका माणसाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर कसे करावे आणि हे सगळे वेळेवर का करावे, ते पाहू.

नाव वेगळे, घर वेगळे

आधी एक घोळ दूर करू. डोमेन नाव म्हणजे वेबसाइट नव्हे. नाव ही रस्त्यावरची पाटी. वेबसाइट म्हणजे पाटीमागचे घर, आणि ते घर ज्या जागेवर उभे असते ती जागा, म्हणजे होस्टिंग, बहुधा भाड्याची असते. या तीन वस्तू तीन वेगळ्या ठिकाणांहून घेता येतात. पाटी हलवली म्हणून घर हलत नाही, आणि घर नवे बांधले म्हणून पाटी आपोआप आपली होत नाही.

संगणकाला नावे कळत नाहीत, आकडे कळतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून नावाचा आकडा करून देणारी पद्धत १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने आखली. १९८५ पासून डॉट कॉमची नावे नोंदली जाऊ लागली. आपल्या देशाच्या डॉट इन नावांचे दप्तर ‘निक्सी’ या संस्थेकडे आहे, आणि २००५ पासून ही नावे सर्वसामान्यांना सहज मिळू लागली. २०१४ मध्ये तर देवनागरीतले ‘डॉट भारत’ आले. त्यात मराठीतही नाव नोंदता येते.

नागावकरांनी याची आठवण ठेवावी, कारण आसामातही नागाव नावाचा जिल्हा आहे आणि इंग्रजीत दोन्हींचे स्पेलिंग एकच. शिवाय एक नाव जगात एकालाच मिळते. ज्याने आधी नोंदले, त्याचे.

दप्तर, केंद्र आणि खातेदार

आता व्यवहारातली तीन माणसे ओळखून घ्या. पहिले दप्तर. डॉट कॉमचे एक दप्तर, डॉट इनचे दुसरे. त्यात प्रत्येक नावाची एक ओळ. दुसरा रजिस्ट्रार. सातबाऱ्याचा उतारा जसा आपण सेतू केंद्रातून काढतो, तसे नाव घ्यायचे ते रजिस्ट्रारच्या खिडकीवर. असे रजिस्ट्रार पुष्कळ आहेत. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत त्यांना ‘आयकॅन’ या १९९८ साली स्थापन झालेल्या संस्थेचे नियम पाळावे लागतात. तिसरा खातेदार, म्हणजे ज्याच्या नावावर ते नाव आहे तो. खातेदार तुम्ही असायला हवे. सारा प्रश्न एवढाच आहे.

सातबाऱ्याशी तुलना केली तरी एक फरक मात्र लक्षात घ्या. शेजारच्या आक्षीला मराठीतला फार जुना शिलालेख आहे. आपल्या मुलखात दान दिले की ते दगडावर कोरीत आणि वर चंद्र-सूर्य काढीत. आकाशात ते आहेत तोवर दान चालावे, हा त्याचा अर्थ. इंटरनेटच्या नावाला चंद्र-सूर्य नाहीत. ते वर्षाच्या हिशेबाने मिळते, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. मुदत संपायच्या आत फी भरली तर तुमचे, नाही तर सुटले. साधे डॉट कॉम किंवा डॉट इन नाव घेतले तर वर्षाची फी साधारण हजार रुपयांच्या आसपास असते. एवढ्या रकमेवर हंगामाची कमाई टांगलेली असते.

घोळ होतो तो असा

समजा, आठ वर्षांपूर्वी तुम्ही कॉटेज सुरू केले. ओळखीच्या मुलाने वेबसाइट करून दिली. त्याने नाव घेतले ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर आणि पुष्कळदा स्वतःच्याच नावावर. त्यात त्याचा वाईट हेतू होता असे नाही. तुमच्याकडे तेव्हा ईमेल नव्हता, कार्डाने पैसे भरायची सवय नव्हती, त्याने काम सोपे केले. तुम्ही दरसाल त्याच्या हातात पैसे देत राहिलात. पुढे तो नोकरीला बंगळूरला गेला. फोन नंबर बदलला. डॉट कॉमच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने मुदतीपूर्वी सुमारे एक महिना आणि पुन्हा सुमारे एक आठवडा आधी आठवण पाठवली पाहिजे. ती त्याने पाठवलीही. पण गेली कुठे? त्या मुलाच्या जुन्या ईमेलवर.

मुदत संपली की वेबसाइट बंद पडते. पाहुण्याला वाटते, यांनी धंदा बंद केला. डॉट कॉमच्या बाबतीत त्यानंतर रजिस्ट्रारच्या रीतीप्रमाणे काही दिवसांची सवलत असते. पुढे ३० दिवस नाव सोडवून घेता येते, पण त्याला दंडासारखी मोठी फी पडते. त्यानंतर ५ दिवसांत नाव दप्तरातून निघते आणि जगातला कोणीही ते घेऊ शकतो. काही रजिस्ट्रार तर त्याआधीच लिलाव करतात. सुटलेली नावे उचलून विकण्याचा धंदा करणारे लोक आहेत. त्याहून वाईट म्हणजे, तुमच्या जुन्या नावावर खोटी वेबसाइट टाकून कोणी पाहुण्यांकडून आगाऊ पैसे उकळले, तर पाहुणा दारात येऊन भांडेल तो तुमच्याशी.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागजवळच किनाऱ्यावर आले आणि रायगडच्या वाड्यांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. झाड पडले तर त्या जागी नवे लावता येते. धरायला वर्षे लागतात, पण जमीन तरी आपली असते. नाव गेले तर ती जागाच दुसऱ्याची होते.

मोठ्यांनाही चुकले नाही

हे फक्त गावच्या माणसाचे होते असे समजू नका. हॉटमेल ही ईमेलची सोय उभी करणाऱ्या दोघांपैकी एक आपले सबीर भाटिया. १९९७ अखेर ती मायक्रोसॉफ्टने घेतली. डिसेंबर १९९९ मध्ये या एवढ्या मोठ्या कंपनीकडून ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाची फी भरायची राहून गेली. हॉटमेलचे दार त्याच नावावरून उघडत असे. ऐन नाताळात लोकांना आपली पत्रे उघडता येईनात. शेवटी मायकेल चेनी नावाच्या अमेरिकेतल्या एका संगणकतज्ज्ञाने खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा दार उघडले. माणूस सज्जन होता म्हणून निभावले.

सगळे सज्जन नसतात. अमेरिकेतच १९९५ साली एका भामट्याने खोटे पत्र पाठवून दुसऱ्याचे एक नाव स्वतःकडे वळवून घेतले. ते नाव कुटुंबाच्या मासिक-साप्ताहिकात छापण्याजोगे नाही, पण बाजारात त्याला सोन्याचे मोल होते. खोट्या मुखत्यारपत्रावर जमीन विकतात, तसाच हा प्रकार. मूळ मालक गॅरी क्रेमेन यांना कोर्टात झगडावे लागले, तेव्हा २००० साली नाव परत मिळाले. पुढच्या वर्षी कोर्टाने साडेसहा कोटी डॉलरची भरपाई लावली, तर भामटा देश सोडून गेला. २००३ मध्ये वरच्या कोर्टाने सांगितले की डोमेन नाव ही मालमत्ताच आहे.

आपल्याकडची न्यायालयेही मागे नाहीत. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफ कंपनीची तक्रार आली. कोणी तरी एक अक्षर बदलून ‘रॅडिफ’ असे नाव घेतले होते. न्यायालयाने मनाई केली. डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारी चिन्हासारखे संरक्षण मिळाले पाहिजे, असा निर्णय झाला. २००४ साली ‘सिफी’ नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व देशभरासाठी पक्के केले. सत्यम इन्फोवे कंपनीने आपल्या नावातून ‘सिफी’ हे नाव घडवले होते आणि ती ते आधीपासून वापरत होती. हे तिला दाखवता आले, म्हणून ती जिंकली.

यातून आपण काय घ्यावे? आधीपासून वापर असल्याचा पुरावा जपावा. कॉटेजची जुनी कार्डे, बिलबुके, ग्रामपंचायतीचा दाखला, नावाच्या फीच्या पावत्या, सारे एका पाकिटात ठेवा. कोर्टाची पायरी चढावी लागू नये, पण लागलीच तर हेच कागद बोलतात.

फेरफाराच्या दोन तऱ्हा

आता मुख्य काम. हस्तांतर दोन प्रकारचे असते आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला प्रकार, खातेदार बदलणे. वेबसाइट करणाऱ्याच्या नावावरून तुमच्या नावावर, वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर. हा खरा फेरफार.

दुसरा प्रकार, रजिस्ट्रार बदलणे. खातेदार तोच, फक्त खिडकी बदलली. एका बँकेतले खाते दुसऱ्या बँकेत नेण्यासारखे.

ज्यांचे नाव दुसऱ्याच्या खात्यात अडकले आहे, त्यांनी आधी पहिले काम करावे. त्याची सोपी वाट अशी. ज्या रजिस्ट्रारकडे नाव आहे, तिथेच तुमचे स्वतःचे खाते तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर उघडा. मग त्या मुलाला सांगा, “बाबा, एवढे नाव माझ्या खात्यात टाक आणि मालक म्हणून माझे नाव लिही.” बहुतेक रजिस्ट्रारकडे ही आतल्या आत नाव सरकवण्याची सोय असते. डॉट कॉमसारख्या नावाला जुना आणि नवा अशा दोघांचीही संमती लागते. ती ईमेलवर मागतात. म्हणून त्या मुलाशी संबंध गोड आहेत तोवरच हे उरका. त्याची काही बाकी असेल तर ती चुकती करा आणि त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या: हे नाव अमक्यांचे, माझा त्यावर हक्क नाही.

रजिस्ट्रारही बदलायचा असेल तर पुढची क्रमवारी पाळा.

एक. जुन्या खात्यात जाऊन नावाचे कुलूप काढायचे. चोराने नाव नेऊ नये म्हणून ते लावलेले असते.

दोन. हस्तांतराचा गुप्त संकेत मागायचा. त्याला ऑथ कोड म्हणतात. डॉट कॉमसारख्या नावांसाठी मागितल्यापासून ५ दिवसांच्या आत तो मिळाला पाहिजे. हा कोड म्हणजे तिजोरीची किल्ली. बँकेचा ओटीपी जसा कुणाला सांगत नाही, तसा हाही नव्या रजिस्ट्रारच्या वेबसाइटवर भरण्यापलीकडे कुणाला द्यायचा नाही.

तीन. नव्या रजिस्ट्रारकडे तो कोड भरून एका वर्षाची फी भरायची. डॉट कॉमच्या बाबतीत ती वाया जात नाही, उरलेल्या मुदतीत एक वर्ष वाढते.

चार. जुना रजिस्ट्रार ईमेल पाठवून विचारतो, हे तुम्हीच करताय ना? तुम्ही होकार दिला तर काम लवकर होते. काहीच कळवले नाही तरी साधारण ५ दिवसांनी नाव पुढे जाते. म्हणूनच सांगतो, तुम्ही काही केलेले नसताना असा ईमेल आला तर तो जेवणानंतर पाहू म्हणून ठेवू नका. त्याच मिनिटाला नकार कळवा.

दोन पथ्ये पाळायची. नाव नवे घेतल्यावर किंवा एकदा हलवल्यावर ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जात नाही. खातेदार बदलल्यावरही डॉट कॉमला असाच बंद लागू शकतो. तेव्हा दोन्ही बदल एकापाठोपाठ करायचे असतील तर रजिस्ट्रारला आधी विचारा. दुसरे पथ्य, मुदत संपायला आठ दिवस उरले असताना हे काम काढू नका. मे महिना, दिवाळी आणि नाताळ हे आपले हंगाम. पावसाळ्यात पाहुण्यांची गर्दी ओसरते, समुद्र खवळलेला असतो आणि हाताला वेळ असतो. हे काम तेव्हाचे. डॉट इनची रीत साधारण अशीच आहे, बारकावे आपल्या रजिस्ट्रारकडे विचारून घ्यावेत.

आणखी एक सांगायचे राहिले. पाटी हलवण्याआधी, ती कोणत्या घराकडे बोट दाखवते ते लिहून घ्या. त्याला डीएनएस नोंदी म्हणतात. जुन्या रजिस्ट्रारकडेच वेबसाइट आणि ईमेल असेल तर नाव गेल्यावर तिथले दार बंद पडू शकते. सारा मजकूर आणि फोटो आधी उतरवून ठेवा. जाणत्या मुलाला शेजारी बसवून हे करावे, यात कमीपणा नाही.

खोट्या बिलांपासून सावध

नाव ज्यांच्याकडे आहे त्यांना कधी कधी बिलासारखे दिसणारे पत्र किंवा ईमेल येते. “तुमच्या नावाची मुदत संपत आहे, ताबडतोब भरा.” मजकूर असा बेतलेला असतो की भरणारा खरे तर दुसऱ्याच रजिस्ट्रारकडे जायला संमती देतो, आणि तीही तिप्पट-चौपट दराने. आपला रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते, या दोनच गोष्टी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या तर असे पत्र पाहताक्षणी ओळखू येते.

उलट प्रकारही घडतो. आपला रजिस्ट्रार स्वतःच धंदा विकतो. २०२३ मध्ये गूगलने आपला नावे नोंदण्याचा व्यवसाय स्क्वेअरस्पेस कंपनीला विकला आणि सुमारे एक कोटी नावांची खिडकी बदलली. असे झाले तर नाव जात नाही, पण नव्या ठिकाणी आपले खाते उघडते आहे ना, ईमेल बरोबर आहे ना, हे जाऊन पाहावे लागते.

वारसांनो, तुमच्यासाठी

वडील गेले की आपण मृत्यूचा दाखला घेऊन वारस नोंद करतो. नावाचीही वारस नोंद करावी लागते. रजिस्ट्रार दाखला आणि वारसाचे कागद मागतो. पण वडिलांचा ईमेल आणि मोबाइल नंबर दोन्ही बंद पडले असतील तर फार ओढाताण होते. म्हणून वडीलधाऱ्यांनी आपल्या हयातीतच घरातल्या एका विश्वासू माणसाला खाते कसे उघडते ते दाखवून ठेवावे. मग तो मुलगा असो, मुलगी असो, नाही तर बुकिंग सांभाळणारी सूनबाई.

आणि भावाभावांची वाटणी होत असेल, तर वाडी, विहीर, वाट यांबरोबर हे नावही कागदावर आणा. जमिनीचे दोन तुकडे होतात, नावाचे होत नाहीत. एकाने नाव ठेवावे आणि दुसऱ्याने त्याचे मोल घ्यावे, किंवा दोघांनी मिळून एकच वेबसाइट चालवावी. पण जे ठरेल ते लिहून ठेवावे. न लिहिलेल्या गोष्टीवरूनच सख्खे भाऊ बोलायचे थांबतात.

आजच करा

एवढे वाचून झाल्यावर पहिले काम फुकटचे आहे. आयकॅनच्या किंवा डॉट इनच्या दप्तराच्या वेबसाइटवर आपले नाव टाकून पाहा. रजिस्ट्रार कोण, नोंद कधी झाली, मुदत कधी संपते आणि कुलूप लावलेले आहे का, एवढे तिथे दिसते. मालकाचे नाव २०१८ पासून बहुधा झाकलेले असते. ते दिसले नाही तर दोन प्रश्न स्वतःला विचारा. या खात्याचा पासवर्ड आपल्याकडे आहे का? मुदतीची आठवण आपल्या ईमेलवर येते का? दोन्हींचे उत्तर हो असेल तर खात्यात मालक म्हणून कुणाचे नाव आहे तेवढे पाहून घ्या आणि निर्धास्त राहा. एकाचेही उत्तर नाही असेल तर ज्याने वेबसाइट करून दिली त्याला आजच फोन लावा. चहाला बोलवा, घावण्याचा बेत करा, पण नाव आपल्या खात्यात आल्याशिवाय त्याला उठू देऊ नका.